मोहाखालची घंटी

गडचिरोली,
मंगळवार, २५ मार्च २०२५

आदरणीय गुरुजी यांस,
सादर जय भीम.

तुम्ही आणि काकू बरे असाल असं मानून लिहिते. काकूंचा गुडघा आता कसा आहे? मी ठीक आहे. खोलीवरचे पत्रे तापायला लागलेत, बाकी काही नाही.

मागच्या वर्षी मी वही घेऊन तुमच्या शाळेवर आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलं होतं, "रिना, हे जे तू लिवून राह्यली, ते वाचनार कोन?" मी काहीतरी बोलले. धोरण ठरवणारे, शिक्षणाचा विचार करणारे, असं काहीसं. तुम्ही मान हलवली आणि फळा पुसायला लागलात. खरं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. एक वाचक मात्र आता माहीत झालाय. त्याच्यामुळे तुम्हाला कारणे दाखवा नोटीस आली.

तुम्ही मला कळवलं नाहीत. नोटिशीची प्रत आमच्या विभागात आली, सोबत एक पत्र, की संशोधक विद्यार्थिनीने मूळ नोंदी आणि ध्वनिमुद्रण सादर करावे. मी ती नोटीस उभ्यानेच वाचली. "विद्यार्थ्यांना जंगलात नेऊन त्यांचा जीव धोक्यात घालणे व हजेरीपटात खोट्या नोंदी करणे." तुमचा जीव धोक्यात घालून तुम्ही काय करत होतात, त्याला एकही ओळ नाही. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेल्या माणसाला उत्तरासाठी सात दिवस.

गुरुजी, मी सगळे नियम पाळले होते. तुमचं नाव बदललं. गावाचं नाव काढलं, तालुका काढला. तुम्ही "शिक्षक १", शाळा "शाळा क". नावांची यादी वेगळी, कुलुपात. वर्षभर हेच शिकवलं आम्हाला. मुलाखत कशी घ्यायची, गटचर्चेत गप्प बसणाऱ्या बाईला बोलतं कसं करायचं, निरीक्षण करताना आपण कुठे उभं राहायचं. (रुखमाबाईंना बोलतं करायला मला काहीच करावं लागलं नाही. मी विचारलं, "शाळेबद्दल तुम्हाला काय वाटतं?" तर म्हणाल्या, "ते शाळेले इचार. तू घरकुल देत असशीन तं सांग, नाईतं मले मोह सुकवू दे.") आमच्या मॅडम म्हणायच्या, आकड्यांतून माणूस दिसत नाही, वर्णनातून दिसतो. असं लिहा की वाचणाऱ्याला वास आला पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे.

लिहिलं मी तसं. आणि दिसला माणूस. सगळ्यांना दिसला.

फेब्रुवारीत एक चर्चासत्र होतं. मी माझं प्रकरण वाचलं, टाळ्या पडल्या. जेवणाच्या वेळी शिक्षण खात्यातले एक साहेब ताट घेऊन शेजारी आले. "काय मॅडम, खुशाल गुरुजीच्या शाळेवर गेलत्या का?" मी म्हटलं, नाव सांगता येत नाही. ते हसले. "नका सांगू. रुळाची घंटी या पट्ट्यात एकाच शाळेत हाय. तपासनीले गेलो होतो तवा मी स्वतः वाजवून पायली." पुढे म्हणाले, "भारी माणूस. पन हे जंगलाचं काही आमाले माहीत नोतं बाप्पा." मग त्यांनी वरण वाढून घेतलं. मी हातात ताट धरून तशीच उभी. गेले दीड महिने मी तुम्हाला फोन करत नव्हते, त्याचं कारण हे.

मी काय लिहिलं ते तुम्ही वाचलेलंच नाही, म्हणून सांगते. प्रकरण चार. पहाटे पाचला तुम्ही शाळेच्या व्हरांड्यातली घंटी सोडवता. रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा. तो गोणपाटाच्या थैलीत घालून खांद्याला अडकवता. मोहाच्या झाडांखाली घराघरातली माणसं फुलं वेचायला आधीच पसरलेली असतात, पोरं सगळ्यात पुढे, कारण वाकायला त्यांनाच सोपं. मधल्या झाडाच्या फांदीला तुम्ही तारेने रूळ टांगता आणि हजेरीपट उघडता. एक ठोका, एक नाव. कुठल्यातरी झाडाखालून आवाज येतो, "हजर." थोड्या वेळाने पुन्हा ठोका, पुढचं नाव. पट संपला की परत पहिल्यापासून. एखाद्याचा आवाज आला नाही की तुम्ही पट तिथेच ठेवून त्या झाडाकडे चालू लागता. पलीकडच्या गावची बाई मोहाखालून वाघाने ओढून नेली, त्या वर्षापासून हे चालू आहे. नऊनंतर फुलं पडायची थांबतात, मग सगळे मिळून शाळेत येतात आणि साडेनऊ ते एक वर्ग होतो. सकाळच्या शाळेची वेळ सातची. पटावरही सातच.

मी विचारलं होतं, "सातला शाळेत कुणीच नसतं, मग हजर कसं लिहिता?"

"शाळेत हजर नाई, माह्यासमोर तं हजर हाय ना वं. मी तिथी खुर्चीत बसून गैरहजर लिवू, अन् पोरगं कुठी हाय ते वाघाले इचारू का?"

हेही लिहिलंय मी. तुमच्याच शब्दांत. त्या पानाच्या कडेला मॅडमनी लाल शाईने लिहिलं, "उत्कृष्ट". बालवाडीपासून एम.ए.पर्यंत माझ्या कुठल्याही कागदावर कुणी हा शब्द लिहिला नव्हता. मी त्या पानाचा फोटो काढून बाबांना पाठवला होता.

परवा रुखमाबाईंचा फोन आला. त्यांना नोटिशीचं सगळं माहीत आहे, गावालाही. म्हणाल्या, "बाई, तुह्या पुस्तकात लिवली तवापासून घंटी मुकी झाली. गुरुजी सात वाजता शाळेत एकटाच बसून राह्यते. पोरं मोहाखाली." मी विचारलं, पोरं एकटी का जातात, थांबवा ना. तर म्हणाल्या, "थांबवून खाऊ काय? तुह्या पुस्तकात लिवलं नाई का ते?" लिहिलं होतं, गुरुजी. पृष्ठ एकोणसाठवर, वार्षिक उत्पन्नातील मोहाचे स्थान. तक्त्यासकट. नाल्याच्या ओल्या मातीत शनिवारी पाऊलखुणा दिसल्या, असंही त्यांनी सांगितलं. किती मोठ्या, ते मी विचारलं नाही.

आता जे लिहायचं टाळत इथपर्यंत आले, ते लिहिते.

शेवटच्या दिवशी मुलाखत संपली. मी रेकॉर्डर बंद केला, काकूंनी चहा आणला. तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "बाकी सारं लिव. घंटीचं तेवढं लिवू नको." मी "बरं" म्हणाले.

मी बरं म्हणाले, आणि लिहिलं. विसरले म्हणून नाही. लिहायला बसले तेव्हा ते वाक्य मला लख्ख आठवत होतं. मी स्वतःला सांगितलं की रेकॉर्डर बंद होता. संमतीपत्रावर तुमची सही आहे. नावं तर बदलणारच आहोत. खरं कारण एवढंच होतं, की घंटी काढली तर प्रकरणात काही उरत नव्हतं. राहिला असता एक तक्ता, आणि "हंगामी स्थलांतर व अनियमित उपस्थिती" असलं काहीतरी, जे प्रत्येक प्रबंधात असतं. त्या संमतीपत्रात पाचवी ओळ आहे, "मला माझी कोणतीही माहिती कधीही मागे घेता येईल." ती तुम्हाला मीच वाचून दाखवली होती, बोट ठेवून. तुम्ही ती वापरलीत, आणि मला ऐकू आलं नाही असं मी धरलं.

साहेबाचा राग करून मला झोप येत नाही. त्याने निदान तुम्हाला "बरं" असं म्हटलं नव्हतं.

मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "आपण मूळ नोंदी देणार नाही. सहभागी व्यक्तीची ओळख गोपनीय आहे असं कळवू. आपली जबाबदारी तिथे संपते." मी म्हटलं, मॅडम, नाव सांगणार नाही असं म्हणणं म्हणजे प्रसंग खरा आहे असंच सांगणं. नाव त्यांच्याकडे आधीच आहे. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या मते काय करायचं?" मी विचारलं, तो प्रसंग घडलाच नाही, असं झालं तर? मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तसं लिहून दिलंस तर प्रबंध बाद होईल, रिना. बनावट नोंदी म्हणून. पुढे पीएच.डी.ला तुला कुणी उभं करणार नाही. मीसुद्धा नाही करू शकणार." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी खूप शोधलं, गुरुजी, दुसरी वाट सापडते का. नोटीस पूर्ण माझ्या पानांवर उभी आहे. "सदर प्रबंधात नमूद केल्याप्रमाणे", हे चार वेळा आलंय. गावातलं कुणी बोलणार नाही, रुखमाबाईंनी तसं शपथेवर सांगितलं. मग साक्षीला फक्त मीच.

तुम्हाला आठवतं का माहीत नाही. चौथीत तुम्ही आमच्या गावी होतात, "माझी गाय" असा निबंध दिला होता. मी लिहिलं, आमची गाय पांढरीशुभ्र आहे, तिला दोन शिंगे आहेत, तिचे डोळे प्रेमळ आहेत. तुम्ही वही हातात घेऊन विचारलंत, "तुह्या घरी गाय हाय का?" मी म्हटलं नाई. "मंग काय हाय?" कोंबडी. अख्खा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "मंग कोंबडीवर लिव. जे पायलं तेच लिवाव." मी त्या दिवसापासून तसंच लिहीत आले. मला जर काही येत असेल तर तेवढंच येतं.

रविवारी घरी जाऊन आले. बाबा भिंतीला गिलावा करून आले होते, हातापायावर सिमेंट तसंच. मी सांगितलं, या वर्षी एम.ए. होणार नाही.

"म्हंजे नापास?"

"तसंच."

"काऊन?"

"मी खोटं लिहिलं म्हणून."

बाबा बराच वेळ अंगठ्याच्या नखातलं सिमेंट काढत बसले. मग म्हणाले, "तू तं खोटं लिवत नाईस." आई चुलीकडून म्हणाली, "एखांद्या वेळी लिवते मानूस." बाबांनी बी.ए.च्या पदवीची फोटोफ्रेम भिंतीवर लावलीय, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्यांना खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर अभिमानाने सगळ्यांना सांगितलं असतं, आणि मग काही उपयोग झाला नसता.

तुम्हाला फोन केला नाही, कारण तुम्ही मला थांबवलं असतं. म्हणून आधी करून मग कळवते आहे.

काल, सोमवारी, दुपारी साडेबाराला मी दोन ठिकाणी एकच पत्र दिलं, एक विभागात आणि एक त्या साहेबांच्या कार्यालयात. "प्रकरण चार, पृष्ठ बासष्ट ते अडुसष्ट यांतील प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तो मी कल्पनेने लिहिला आहे. त्याचा कोणत्याही शाळेशी वा शिक्षकाशी संबंध नाही. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे." खाली सही. आवक कारकुनाने माझ्यासमोरच वाचून घेतलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. दोन्ही पोचपावत्या माझ्याकडे आहेत. तुम्ही नोटिशीला काय उत्तर द्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यात मी पुन्हा पडणार नाही.

पहाटेचं ध्वनिमुद्रण एकदा शेवटपर्यंत ऐकलं आणि पुसून टाकलं. ठोका, नाव, हजर. मध्ये फुलं पडल्याचा आवाज येतो, तो मला तेव्हा ऐकू आला नव्हता.

वहीतली त्या सकाळची सात पानं मात्र माझ्याने फाडून फेकवली नाहीत. ती या पाकिटात आहेत. म्हणूनच हे शाळेच्या पत्त्यावर न पाठवता घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. या पानांचा वाचक कोण, एवढं तरी मला यावेळी माहीत आहे. ठेवा, जाळा, तुमची आहेत. हे पत्रही त्यांच्यासोबत जाऊ द्या.

रुखमाबाई म्हणत होत्या, फुलं अजून वीसेक दिवस पडतील.

काकूंना नमस्कार.

जे पाहिलं ते पाहिलं नाही, असं लिहून दिलेली तुमची विद्यार्थिनी,
चौथीच्या पटावरची नंबर अकरा,
रिना