वृषालीने काढलेले प्रश्न

सोम., १७ नोव्हेंबर
वृषालीला नोकरीसाठी नाशिकला जाऊन आज तीन महिने. कॉम्प्युटर क्लासमध्ये अजून तिनेच काढलेले प्रश्न चालतात. मालक म्हणाले, "सर, आता नवे काढा." हो हो म्हटलं. काढणार नाही. कागदांवर तिचं अक्षर आहे, आणि माझ्याकडे तिचं दुसरं आहे तरी काय? दोन वर्षं शेजारच्या टेबलाशी बसून शिकवायची, तेव्हा मी मिठाची गुळणी धरून बसलो. आता भोगा.

मंगळ., १८
शेलार गावच्या पाटीलकाकू. पंचावन्न वर्षांच्या, घरचं भात विकतात, क्लासला एक दिवस चुकवत नाहीत. प्रश्न: एक ते दहा आकडे छापा. काकूंच्या स्क्रीनवर: लाभ, २, ३... थेट १० पर्यंत. मी चूक दिली. काकू तडकल्या.
"सर, भात मोजताना पैल्या मापाला एक कोन बोलतं? लाभच बोलतान!"
"काकू, कॉम्प्युटरला लाभ कळत नाही."
"मंग तुमी कशाला हाव?"
वर्ग खो खो हसला. मीही. आणि वाटलं, वृ. आत्ता इथे हवी होती.

गुरु., २०
काकूंच्या स्क्रीनचा फोटो वृ.ला पाठवला. तीन महिन्यांत पहिला मेसेज. निमित्त मिळालं एकदाचं. तासाभरात उत्तर: "पूर्ण मार्क दे. लाभ आधी छापून लूप दोनपासून सुरू केलंय, डोकं आहे बाईला." दिवसभर उगाच खुशीत. काकूंना मार्क दिले. म्हणाल्या, "आता कसं!"

शुक्र., २१
क्लासखालचे यंत्रमाग शुक्रवारी बंद, म्हणून तोंडी प्रश्न आजच. एरवी खडखडाटात ओरडावं लागतं. रॅम म्हणजे काय? वृ.चंच उत्तर सांगितलं: रॅम म्हणजे ओटा, काम चालू तेवढंच समोर, हार्ड डिस्क म्हणजे कपाट. मागून शबाना, "सर, मॅडम वापस कब आयेंगी?" पता नहीं, म्हटलं. पुढचा प्रश्न कुठला ते सुचेना.
फार आठवण येते. लिहून टाकलं, बस.

मंगळ., २५
वृ.चा मेसेज, आपणहून! "अजून माझेच प्रश्न चालवतोस? आळशी. एक तरी स्वतःचा काढ. तपासून देते."
चार कागद फाडले.

शनि., २९
काढला. पाठवलाही. जसाच्या तसा:
"प्र. १. भिवंडीचा एक मास्तर नाशिकच्या मॅडमना विचारतो, भेटायला येऊ का? उत्तर 'हो' असेल तर छापा: रविवारी निघतो. नाहीतर छापा: बरं, राहू दे. प्रोग्राम लिहा."
पाठवल्यावर वाटलं, गाढव आहेस. रात्री जेवण गेलं नाही. आई म्हणे, पित्त झालं असेल.

रवि., ३०
दुपारी वृ.चा शेरा आला.
"प्रश्न अपुरा. मॅडमना उत्तर द्यायला वेळ लागला तर मास्तरने काय करायचं?"
तीनदा वाचलं. मग लिहिलं, "थांबायचं." पाठवलं.