धाकटा तिथेच राहिला

अण्णा, आपला धाकटा, माझा भाऊ, येऊन गेला. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी तो आला, आणि आला तो म्हातारा होऊनच. केस विरळ झालेत, पायरी उतरताना कठडा धरावा लागतो, आणि मराठी बोलताना मध्येच थांबून छताकडे बघत शब्द शोधतो. आठवडाभर माझ्याकडे राजाजीनगरला राहिला. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. आपलं यशवंतपूरचं रुळांजवळचं घर पाडलं, तिथे आता धान्याचं गोदाम आहे. तेही त्याला दाखवून आणलं. तो परत गेला त्या दिवसापासून मी स्वयंपाक करता करता तुमच्याशी बोलते आहे. सून विचारते, कुणाशी बोलताय? म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

तुम्ही सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होता तेव्हाचे दिवस मला अजून नीट आठवतात. तिथल्या जर्मन साहेबाने मायदेशी परत जाताना त्याची घडीची होडी तुम्हाला देऊन टाकली होती. दोन पिशव्यांत मावणारी होडी. तुम्ही ती अंगणात उघडली, लाकडी पट्ट्या एकमेकींत अडकवल्या, वर रबर लावलेलं कापड चढवलं, तेव्हा आई दारातून म्हणाली, "हे वाळत कुठे घालायचं?" तुम्ही हसत बसलात. मग त्या एका होडीवरून तुम्ही आणखी तीन बनवल्या. रविवारी अलसूरच्या तळ्यावर आम्ही चौघं शिकायचो: मी, धाकटा, कारखान्यातल्या फोरमनचा मुलगा आणि तळ्याकाठच्या वस्तीतला एक तमिळ मुलगा, जो पोहण्यात आम्हा सगळ्यांना भारी होता. तळ्यात हात बसल्यावर तुम्ही आम्हाला रेल्वेने श्रीरंगपट्टणला न्यायला लागलात. वरच्या धरणातून पाणी सोडलं की कावेरी तिथल्या खडकांतून उसळत येते. तुम्ही या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधून त्याला बांबूच्या जोड्या टांगल्या होत्या. प्रत्येक जोडी म्हणजे एक फाटक. होडी बांबूला न लावता त्यातून काढायची, काही फाटकांतून तर प्रवाहाच्या उलट वर यायचं. या खेळाला स्लॅलम म्हणतात हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. शहरात दुसऱ्या कुणी तो शब्दही ऐकला नव्हता.

मी काठावर उभी आहे, साडीचा पदर खोचून वर आईने शिवलेला जाड ब्लाउज. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघताहेत. मी तिसऱ्यांदा त्याच बांबूला धडकले आहे आणि तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे राहून माझ्यावर ओरडता आहात. "बांबूकडे बघतेस म्हणून बांबूला लागतेस. पाणी कुठे चाललंय ते बघ की!" त्या दिवशी परतीच्या गाडीत मी तुमच्याशी बोलले नाही. मंड्याला तुम्ही उतरून माझ्यासाठी मद्दूर वडा घेऊन आलात आणि माझ्या मांडीवर ठेवलात. धाकट्याने विचारलं, "मला?" तुम्ही म्हणालात, "स्वल्प थांब. तू आज बोलणी खाल्ली नाहीस." मला वाटतं, ते आपले सगळ्यात चांगले दिवस होते. पुढे काय होणार याची कुणालाच कल्पना नव्हती.

जर्मन साहेबाच्या गावाच्या क्लबाने तरुण मुलांच्या स्पर्धेचं आमंत्रण पाठवलं, तेव्हा तुम्ही हवेतच होता. पासपोर्टसाठी मद्रासच्या फेऱ्या झाल्या. कारखान्यात रजा मिळेना, परदेशी जायची परवानगी मिळेना. शेवटी चौघंही परत येतील अशी हमी तुम्ही स्वतः लिहून दिलीत. फोरमनसाहेब घरी येऊन म्हणाले होते, "पोरगा एकुलता आहे, सांभाळा." तुम्ही म्हणालात, "माझी दोन येतायत ना सोबत." मुंबईहून आगबोटीने निघालो. तमिळ मुलाला पूर्ण प्रवास बोट लागली आणि तुम्ही त्याच्या उशाशी बसून लिंबं कापत राहिलात. पुढे आगगाडी, डोंगर, बोगदे. मग ते नदीकाठचं गाव, खिडक्याखिडक्यांत फुलं असलेलं, आणि ती नदी.

तिच्यात मी हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बर्फ वितळून आलेलं पाणी. बोटं दुखायला लागली. आणि काठावर दुसऱ्या देशांची मुलं आपापल्या होड्या उतरवत होती. फायबरच्या, गुळगुळीत, एका अखंड तुकड्याच्या, एका हाताने उचलता येतील इतक्या हलक्या. आम्ही पिशव्या उघडून पट्ट्या जोडायला बसलो, तेव्हा आमच्याभोवती मुलांचं कोंडाळं जमलं. हसलं कुणी नाही. एका मुलीने माझ्या होडीच्या कापडावरून हात फिरवला आणि तिच्या प्रशिक्षकाला काहीतरी विचारलं. तो आदराने तुम्हाला म्हणाला की अशी होडी त्याच्या लहानपणी त्याच्या काकांकडे होती. तुम्ही मान डोलावलीत. तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला, अण्णा. साहेब निघून गेल्यानंतरच्या काळात तिकडे सगळं बदललं होतं आणि तुम्ही मात्र त्या एका होडीवरून होड्या करत बसला होता. हे तुम्हाला कुणी कळवलं नव्हतं.

स्पर्धेत जे व्हायचं तेच झालं. फोरमनचा मुलगा दुसऱ्याच फाटकाशी उलटला आणि दोरीने बाहेर ओढला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. तमिळ मुलाच्या होडीची पट्टी खडकावर मोडली आणि होडी त्याच्याखाली मिटली. धाकटा बराच पुढे गेला, मग भोवऱ्यात अडकला, वर यायची दोन फाटकं त्याची चुकली, आणि बाहेर आल्यावर त्याने वल्हं दगडावर आपटलं. मी शेवटी उतरले. मी उलटले नाही. बांबू बरेच लागले, वेळ सगळ्यांहून जास्त लागला, पण वरपासून खालपर्यंत मी होडीत बसून आले. एका उलट फाटकापाशी तर पाणी कुठे चाललंय ते मला स्पष्ट दिसलं आणि होडी आपोआप वळली. खाली काठाला लागले आणि तुम्हाला शोधलं, तर तुम्ही मोडलेल्या होडीचं कापड पिळत होता. मी जवळ आले. तुम्ही टॉवेल माझ्या अंगावर टाकलात. "अंग पूस," म्हणालात. बस, एवढंच. मी मनाशी म्हटलं, नंतर बोलतील.

पण ते 'नंतर' कधी आलंच नाही. स्पर्धा संपल्यावरचे उरलेले दिवस धाकटा गावातल्या एका होड्या बनवणाऱ्याच्या कारखान्यात जाऊन बसायचा. फायबरचे थर कसे लावतात, साचा कसा काढतात. आल्यावर डोळे लाल असायचे, तिथल्या रसायनांच्या वासाने. तुम्हाला वाटलं, शिकून घेतोय, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. परतीच्या सकाळी आम्ही फलाटावर आहोत, होड्यांच्या पिशव्या डब्यात चढवल्या आहेत, आणि धाकटा हातात काही न घेता उभा आहे. त्याच्यामागे तो होडीवाला, टोपी हातात.

"अण्णा, मी येत नाही," धाकटा म्हणाला.

"चढ आत."

"त्यांनी काम दिलंय. राहायची सोय दिलीय. तिकडे येऊन मी काय करू? तळ्यात गोल गोल फिरू?"

"मी सही दिलीय. तुझी, ह्या पोरांची. तू गेलास तर परत कुणाला सोडणार नाहीत."

"मला माहितीय."

तुम्ही त्याच्या तोंडात मारलीत. आयुष्यात पहिल्यांदा. तो हललाही नाही. गाल न चोळता तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, आईला तू सांग." मग शिट्टी झाली आणि फोरमनच्या मुलाने तुम्हाला दंडाला धरून आत घेतलं. गाडी सुटली तेव्हा तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसला होता. मी बघत होते. तो हात हलवत नव्हता, फक्त उभा होता.

आईला मी सांगितलं. आम्ही परत आलो तेव्हा स्टेशनवर ती हार घेऊन आली होती आणि गर्दीत त्यालाच शोधत होती. मी बोलत होते आणि ती माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणत होती, "सरी, सरी, ठीक आहे, पण आहे कुठे तो?" त्यानंतर चौकशी झाली, तुम्हाला कितीदा बोलावलं. तुमची बढती गेली ती गेलीच. आणि तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं: पुढच्या वर्षी जाण्यासाठी तळ्यावर जी नवी पोरं तयार होत होती, त्यांना परवानगी नाकारली. त्यांच्या प्रत्येकाच्या घरी तुम्ही स्वतः गेलात. मी एकदा सोबत आले होते. एका मुलाचे वडील दारातच म्हणाले, "तुमच्या मुलाचं झालं की चांगलं. आमच्याचं काय?" तुम्ही हात जोडलेत. ते दार लावेपर्यंत तुमचे हात जोडलेलेच होते. होड्या तुम्ही शेजारच्या लाकूडवाल्याला देऊन टाकल्यात. तमिळ मुलगा काही रविवार घरी येत राहिला, अंगणात बसून कॉफी पिऊन जायचा, मग तोही यायचा थांबला.

त्यानंतर तुम्ही जी काही थोडी वर्षं जगलात, त्यात तुमच्या तोंडून धाकट्याचं नाव मी ऐकलं नाही. त्याची कार्डं यायची, आई वाचायची, तुम्ही उठून बाहेर जायचात. पण नदीचंही नाव निघालं नाही. ती स्पर्धा, तो प्रवास, माझी ती न उलटता केलेली फेरी, सगळं त्याच्याबरोबर त्या फलाटावर राहिलं. शेवटच्या आजारपणात इस्पितळात मी तुमच्यापाशी बसायचे तेव्हा मला वाटायचं, आता बोलतील, काहीतरी बोलतील. तुम्ही आई जेवली का विचारायचात. माझं लग्न ठरवून ठेवलं होतंत, तेवढं विचारायचात. तार केली तरी धाकटा आला नाही. तेव्हा मला वाटलं होतं की तो कधीतरी येईल आणि सगळं मार्गी लागेल. आता तो येऊन गेला आणि मला कळलं की मार्गी लागण्यासारखं त्यात काहीच उरलं नव्हतं.

त्याला श्रीरंगपट्टणला घेऊन गेले. नदीत पाणी नव्हतं, नुसते खडक, मध्ये डबकी, प्लास्टिक. दोर कुठे बांधायचो ते आम्हा दोघांनाही नक्की सांगता येईना. तो एका दगडावर बसला आणि त्याने विचारलं, "अण्णा माझ्याबद्दल काही बोलले होते का? शेवटी?"

मी म्हटलं, "बोलले ना. म्हणाले, पोरगं पाण्यात हुशार होतं. त्याच्यावर राग नाही म्हणून सांग, असं म्हणाले."

त्याने विश्वास ठेवला. लगेच. डोळे पुसले, माझा हात धरला, आणि परतीच्या गाडीत पोटभर बोलत राहिला, त्या गावाबद्दल, त्याच्या मुलींबद्दल. माझ्या त्या फेरीबद्दल त्याने विचारलं नाही. त्याला ती आठवतही नसावी. विमानतळावर तो हसत आत गेला.

अण्णा, खोटं बोलल्याचं मला काही वाटत नाही. पण जे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत, ते मी त्याला माझ्याच तोंडाने देऊन टाकलं, आणि ते घेऊन तो किती सहज निघून गेला, याचा मला राग आला आहे. त्याचाही आणि तुमचाही. या वयात हा राग जाईल असं वाटत नाही.