व्हिन्सेंटच्या बरणीतला अर्क

पापडी, शनिवार

आदरणीय बेनेडिक्टदादा,

धाकट्या बहिणीचा जय येशू. तुझे गुडघे आणि वहिनीची साखर कशी आहे ते सविस्तर कळव. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मी फोन उचलला की तुझे मेहुणे व्हिन्सेंटसाहेब शेजारच्या खोलीत पंखा बंद करून बसतात (उकाड्यातसुद्धा).

त्यानं दारू सोडली त्याला अकरा वर्षं झाली, हे तुला ठाऊक आहे. नोव्हेंबरात मला खोकला धरला. तेव्हा यानं मोबाइलवर पाहिलं की गुळवेल, अडुळसा आणि आलं ठेचून सहा आठवडे दारूत भिजवलं की अर्क होतो. त्याचे दहा थेंब पाण्यातून घेतले की प्रतिकारशक्ती वाढते. मी म्हटलं, काढा कर. तर म्हणे काढ्यात गुण उतरत नाही. गुण कशात उतरतो हे याला बरोबर माहीत. पापडीत कुणी पाहू नये म्हणून पार गोखिवऱ्याहून व्होडका आणली, तीही चर्चच्या सणाला वाटलेल्या पिशवीतून.

बरणी मागच्या खोलीतल्या कपाटात. ती रोज हलवावी लागते, म्हणून हा रोज संध्याकाळी ती घेऊन मागच्या दारी जाणार आणि परत येताना तोंडात लवंग. मला शंका आली. मी बरणीवर आमच्या नातीच्या, नेहलच्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. पंधरा दिवसांत अर्क ठिपक्याच्या दोन बोटं खाली. चष्मा शोधायच्या निमित्तानं त्याच्या तोंडाजवळ जाऊन आले (चष्मा माझ्याच डोळ्यांवर होता), पण लवंगेपुढं काही कळेना.

शेवटी परवा रोझरीच्या प्रार्थनेला जाते सांगून निघाले आणि विहिरीमागं बसले. व्हिन्सेंट बरणी घेऊन आला. झाकण काढलं, वास घेतला, डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. मग घोटभर अर्क केळीच्या बुंध्याशी ओतला.

मी पुढं झाले. म्हटलं, "केळीला खोकला झालाय?"

तो दचकला नाही. म्हणाला, "झाकन उघडलं की वास डोक्यात जातो. ज्या दिवशी घोट घ्यावासा वाटतो, त्या दिवशी तेवढा घोट हिला घालतो. मग लवंग. तोंडाला काम पाहिजे."

"किती दिवस वाटलं?"

"रोज."

"मग फेकून का देत नाहीस?"

"तुझा खोकला कुठं गेलाय?"

दादा, मला त्याच्याकडं बघवेना. मी बरणी त्याच्या हातातून घेतली आणि म्हटलं, यापुढं मी हलवीन. त्यानं मान हलवली आणि तिथंच पायरीवर बसला, जड गोणी उतरवल्यासारखा.

तुझी,
क्लेमेंटीन

ता.क. खोकला नाताळातच गेला होता. पुढचा मी मुद्दाम काढत होते. तो थांबला असता तर हा बरणीपाशी काय करतो ते कळलं नसतं. हे त्याला बोलू नकोस.

ता.क. २. अर्क काल गाळला. पाण्यानं गुण पातळ होतो म्हणून पाणी सोडलं, आणि थेंब मोजायला नजर पोचत नाही म्हणून चमचा घेतला. बरणी आता तळाला आली आहे. व्हिन्सेंटला दुकानाच्या पायरीशी पुन्हा पाठवणं पाप, आणि मी पडले महिला मंडळाची अध्यक्ष. तेव्हा ईस्टरला येताना एक बाटली आण, मोठी. गुळवेल आणू नकोस, ती आमच्या कुंपणावर भरपूर आहे.