सरांचा माझ्यावर काडीचाही परिणाम नाही

३ जून
कॉलनीतल्या मुलींच्या फुटबॉल टीमला कोच हवा होता. सगळे कामात, म्हणून मी. शाळेच्या टीममध्ये होतो ना. बेंचवर, पण बेंचही टीमचाच. आमचे सर निव्वळ राक्षस. उठाबशा, चकरा, अपमान. माझ्यातला खेळाडू त्यांनीच मारला. मी आवाज चढवणार नाही. संवाद साधणार.

५ जून, सकाळ
संवाद साधला. बराच वेळ. सेंटर फॉरवर्ड उभ्या उभ्या पेंगली. कॅप्टनने, म्हणजे माझ्याच मुलीने, विचारलं, बाबा, बॉलला पाय कधी लावायचा? उथळ पिढी.

९ जून
गोलकीपर उशिरा आली. मैदानाला चक्कर मारायला लावली. शिक्षा नव्हे, वॉर्म-अप. ती हसली, म्हणून सगळ्यांनाच वॉर्म-अप दिला. दोघी रडल्या.

१४ जून
मॅच हरलो. रेफरी आंधळा. हाफटाइमला मुलींना प्रेमाने समजावलं, की तुमच्यापेक्षा गोलपोस्ट बरे, निदान जागेवर तरी उभे राहतात. बायको म्हणाली, हे तुझ्या सरांचंच वाक्य. योगायोग.

१७ जून
मला काढलं. तोंडावर सांगितलं, तेही पोटच्या पोरीने. नवा कोच मिळाला म्हणे. मिळू दे. माझं काय अडलंय!

२१ जून
नवा कोच म्हणजे सर! रिटायर होऊन इथेच लेकाकडे राहतात. पोरींची जिरलेली बघायला मुद्दाम गेलो. काठी टेकत आले. तीच शिट्टी, तेच खेकसणं. आणि पोरी खिदळत धावतायत! एक पडली, तर स्वतः कण्हत खाली बसून तिचा पाय चोळला. आमच्या वेळी हे लाड नव्हते. माझा घोटा मुरगळला तेव्हा मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं होतं, तेवढं सोडा.

२२ जून
सरांना चारचौघांत सुनवायचं ठरवून गेलो. वाक्यं पाठ होती. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाले, पोट बघा! पळ एक चक्कर.
तोंडातून फक्त 'हो, सर' निघालं. ऑफिसच्या बुटांत पळालो. अर्ध्यात बसकण मारली. मुलगी पाणी घेऊन धावली. सरांनी तिला विचारलं, हे गृहस्थ कोण? ती म्हणाली, माझे बाबा. सरांनी पुन्हा निरखून पाहिलं. मग म्हणाले, असं होय, म्हणजे खेळ आईकडून आलाय.
उद्या सकाळी बोलावलंय मला. बॉलमध्ये हवा भरायला.
जातोय.