भिवाजी ठोंबरे यांचे मृत्युपत्र, विशेषतः छपराबाबत

मी, भिवाजी गणू ठोंबरे, वय ६९, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, पूर्वी खालापूर तालुक्यातील एका ओतकाम कारखान्यात पॅटर्नमेकर, म्हणजे लोखंड ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करणारा, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे. उजवा हात जागेवर नाही. तो थरथरतो, गेल्या वर्षापासून त्याच्याने कटर धरवत नाही, आणि डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. डोक्याबद्दल दाखल्यात काही नाही, म्हणून ते ठीक समजावे. हा मजकूर मी सांगितला व अ‍ॅड. नम्रता कडू यांनी टाईप केला. त्यांनी तीन ठिकाणी माझे बोलणे सौम्य करण्याचा प्रयत्न केला. तो मी चालू दिला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दहिवलीतील घर व अंगण माझा एकुलता मुलगा संतोष यास मिळावे. तो नेरळला सातव्या मजल्यावर राहतो आणि या घराला ‘प्रॉपर्टी’ म्हणतो. येतो तेव्हा भिंतींकडे न बघता मोकळ्या जागेकडे बघतो. बँकेत जे असेल तेही त्याचेच. मागची पत्र्याची खोली मात्र कलम ६ प्रमाणे अडकलेली राहील, आणि त्यावर त्याने मला जे ऐकवायचे ते आताच ऐकवून घ्यावे.

२. मागच्या खोलीत सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर एक पडके चर्च आहे. ते प्लॅस्टिकचे आहे, पण टोकदार कमानींच्या खिडक्या, भिंतींना बाहेरून दिलेले टेकू आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दात विचकणारे प्राणी पाहून प्लॅस्टिक आठवत नाही. असल्या गॉथिक पडझडीत सव्वा इंचाचे शिपाई लपवून, टेपने अंतर मोजून आणि फासे टाकून लढायचे, असा हा खेळ आहे. त्या रणांगणाला खेळणारे टेरेन म्हणतात. मला खेळात रस नाही. बांधण्यात आहे.

पहिला संच संतोषनेच आणला होता, ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने. सुटे भाग फ्रेमला चिकटलेले येतात. ते कटरने कापायचे असतात. त्याने ते भेंडी मोडावी तसे पिरगळून मोडले. दोन दिवसांत खोके माळ्यावर गेले. पुढे मी ते खाली काढून बांधायला घेतले तेव्हा म्हणतो, “बाबा, या वयात खेळण्यातलं चर्च बांधताय, लोक काय म्हणतील?”

मी म्हटले, “लोकांना सांग, पोराने अर्धं मोडून ठेवलं होतं.”

त्याने मोडलेल्या अकरा भागांच्या कडा मी भरून घासल्या. त्या आजही मला दिसतात. त्याला दाखवल्या तर दिसत नाहीत.

३. कर्जत स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्त करणारा तालिब खोत दर रविवारी खेळायला येतो. त्यास माझ्याकडील सर्व काळे स्प्रे-रंग द्यावेत, ते संपलेले असले तरी. चर्चच्या घंटाघराला अस्तराचा रंग याने भर श्रावणात मारला. ज्या हवेत कर्जतमध्ये पापड वाळत नाही, त्या हवेत हा स्प्रे घेऊन अंगणात. रंगावर रव्यासारखी खर आली.

“काका, उलट दगडासारखं दिसतंय की,” तो म्हणाला.

“तुझ्या दुकानातली काच अशी दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल रं?”

“आमी काचेला स्प्रे मारत नाय.”

असल्या माणसाशी वाद घालून माझी सात वर्षे गेली. चर्चला छप्पर का नाही, असे कुणी विचारले की हाच सांगतो, “पडकंच हाय ना, छप्पर कशाला?” पडके आणि अर्धवट यांतला फरक कळायला हाताने काहीतरी पुरे केलेले असावे लागते. माझ्या चर्चचे उरलेले अर्धे छप्पर संचात दिलेले आहे. ते बसत नव्हते, म्हणून वर नाही.

४. ते का बसत नव्हते, हे आता लिहितो. हे मी याआधी तोंडाने कोणालाही सांगितलेले नाही.

या कामाचा नियम एकच. आधी सगळे गोंदाशिवाय जुळवून बघायचे आणि मगच गोंद लावायचा. हा गोंद नुसता चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. नंतर सुटत नाही. कारखान्यात एकोणतीस वर्षे मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवले.

सहा वर्षांपूर्वी मार्गशीर्षात, रेल्वेत सिग्नलच्या देखभालीला असलेले साईनाथ दामू भोईर माझ्याबरोबर हे चर्च बांधत होते. भिंती मी लावल्या. छपराचे भाग त्यांनी कापले आणि ते भिंतीवर बसवण्याच्या खाचा घासल्या. छप्पर वर ठेवले तर एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर उचललेले. मी त्यांना म्हटले, “कानस दिली तर खाचाच खाल्ल्यास तू. सिग्नलला हात लावतोस तेव्हा गाड्या कुठे जातात देव जाणे.” हे तालिबसमोर म्हटले आणि पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस असेही म्हटले. त्यांनी कानस पुसून जागेवर ठेवली आणि गेले. पुढे सहा वर्षे, छपराचे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी साईनाथचे नाव सांगितले. नेरळपर्यंतच्या खेळणाऱ्यांत ‘खाचा खाणारा भोईर’ हे नाव झाले ते माझ्यामुळे. एका स्पर्धेचे टेरेन बांधायला त्यांना बोलावले होते, ते माझ्या एका फोनवर रद्द झाले.

५. तालिबची बहीण सिद्रा खोत नेरळच्या एका लॅबमध्ये कृत्रिम दात बनवते. गेल्या फाल्गुनात ती भावाला न्यायला आली आणि डबा उघडून छपराचे भाग बघत बसली. मी म्हटले, “ठेव गं ते, तुला काय कळतंय त्यातलं.” तिने ऐकले नाही. पुढच्या रविवारी ती निळा कागद घेऊन आली. दात बसवल्यावर वरखाली टेकतात की नाही हे पाहायला तोंडात धरायला देतात, तो. भिंतीच्या माथ्यावर कागद ठेवून तिने छप्पर दाबले, उचलले, पुन्हा दाबले. सगळा डाग एकाच कोपऱ्यात.

“काका, छप्पर बरोबर हाय,” ती म्हणाली. “खाचापण बरोबर हायेत. खालची भिंतच उलटी बसलीय. आतली बाजू बाहेर.”

मी चष्मा पुसला. बाहेरच्या बाजूला एक बारीक पायरी असते, ती आत होती. दुसऱ्या मजल्याची उत्तरेची भिंत मी कोरडी न जुळवता थेट गोंद लावून बसवली होती. मी तिला म्हटले, “कंपनीचा साचाच चुकला असेल.” तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या पोरीने हे भावालाही सांगितले नाही. या टेबलाशी बसणाऱ्यांत तोंड बंद ठेवता येणारी ती एकटीच.

६. सबब चर्च, टेबल, न उघडलेले संच आणि मागची खोली दर रविवारी वापरण्याचा दहा वर्षांचा हक्क सिद्रा खोत हिला देत आहे. उत्तरेची भिंत करवतीने कापून, सुलटी करून, छप्पर बसवण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. कापताना माझ्या कामाचे नुकसान होईल. होऊ द्यावे. संतोषने या काळात खोलीला कुलूप लावल्यास घर विकताना त्याला सिद्राची सही लागेल, अशी तरतूद वकीलबाईंनी सोबतच्या पुरवणीत केली आहे.

साईनाथ भोईर यांचा छपराच्या बाबतीत काहीही दोष नव्हता. हे कलम माझ्या पश्चात रविवारी, सर्व खेळणारे हजर असताना, मोठ्याने वाचावे. ही दिलगिरी फक्त छपरापुरती आहे. त्यांची रंगाची समज तालिबइतकीच वाईट आहे.

७. माझ्या पटाश्या, कानशी आणि कटर साईनाथ यांना द्यावेत असे आधी ठरले होते. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद होतो, असे वकीलबाई म्हणाल्या. दुसरा साक्षीदार आणू का, असे त्यांनी दोनदा विचारले. मी नको म्हटले. वारसाला मी मेल्यावर बोलावतात. साक्षीदाराला मी जिवंत असताना माझ्यासमोर बसावे लागते. हत्यारे सिद्राला द्यावीत.

ठिकाण: दहिवली. दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५.

सही: भिवाजी गणू ठोंबरे

साक्षीदार १: जयवंता काशिनाथ बडेकर, शेजारीण. या खेळाबद्दल त्यांना काहीही माहीत नाही व जाणून घेण्याची इच्छा नाही.

साक्षीदार २: साईनाथ दामू भोईर, राहणार कर्जत.

खाडाखोडीची नोंद:

साक्षीदार क्र. २ यांनी पूर्ण मजकूर वाचल्याशिवाय सही करण्यास नकार दिला. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. “सहा वर्षं लोकांकडून ऐकला, आज वाचतो,” असे ते म्हणाले. वाचून झाल्यावर कलम ५ मधील ‘ती एकटीच’ या शब्दांना त्यांनी हरकत घेतली. कारण विचारता ते म्हणाले ते जसेच्या तसे:

“तात्या, छप्पर बसेना तेव्हाच मला भिंत दिसली हुती. तुमचा हात त्याच आठवड्यात थरथरायला लागलेला, ते पण दिसत हुतं. तेव्हा बोललो असतो, तर तुमी कटर परत हातात घेतला नसता.”

हाताचे तेव्हा कोणाला कळले नाही, असे मी आजवर धरून चाललो होतो. त्या मार्गशीर्षानंतरच्या पाच वर्षांत मी घंटाघर, कबरस्तानाची भिंत आणि दोन कमानी बांधल्या.

कलम ५ मधील ‘ती एकटीच’ हे शब्द खोडून तेथे ‘दोघे’ असे वाचावे.

आद्याक्षरे: भि. ग. ठों. / सा. दा. भो.