दाराच्या चौकटीतला जोड

दि. ४ मार्च, मंगळवार

ठिणगे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचं वजन दीड किलोनं वाढलं, डॉक्टरीणबाई खूश आहेत. गळ्यातल्या श्वासाच्या छिद्राभोवतीची जखम भरून आता नुसती खूण राहिली आहे. माझा गुडघा होता तिथेच आहे आणि दुखतोही तसाच. तूही बरी असशील असं धरून चालतो.

पत्राचं कारण निराळं आहे. जिन्याखालच्या कपाटात तू बसवलेली ती काळी पेटी, आपला घरचा सर्व्हर, बरेच महिने खोड्या काढते आहे. फोन करणार होतो, पण माझा फोन तू उचलत नाहीस, आणि आईच्या फोनवरून मी बोललो तर ती फसवणूक झाली. म्हणून कागद घेतला.

तक्रार अशी. आईने टॅबवरचा चौकोन दाबला की पेटीतून तिचं वाक्य निघतं आणि ओट्यावरच्या स्पीकरमधून तिच्या आवाजात वाजतं. तू लावून दिलंस तेव्हा हे झकास चालायचं. आता मध्येच अडकतं. परवा मी बाहेर निघालो होतो, मागून आवाज आला, "अहो, येताना जरा..." आणि पुढे गप्प. मी दारात एक चप्पल घालून उभा. येताना जरा काय? ती दाबते आहे, टॅबवर ते चक्र गोल गोल फिरतंय. शेवटी तिने पाटीवर लिहून दाखवलं, 'लिंबं'. तोवर मी चप्पल काढून खुर्चीत बसलो होतो.

तिला याचं हसू येतं. आवाज नसला तरी खांदे हलतात, त्यावरून कळतं. मला हसू येत नाही. स्वरयंत्र काढल्यापासून तिच्याकडे बोलायला एवढंच उरलंय, ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस बसून तू भरून ठेवलेली ही वाक्यं. ती अर्ध्यावर थांबली की मी हातातलं टाकून टॅबकडे धावतो.

चाळीस वर्षं कारखान्यात वायरी ओढल्या, मोटारी गुंडाळल्या, आणि आता एका पेटीपुढे हात टेकायचे हे काही मला पटेना. मग लागलो तिच्या मागे. तुझ्या जुन्या लॅपटॉपवरून पेटीत फोटो टाकून पाहिले. आधी भराभर गेले, मग वेगाचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला. मिनिटभर ढिम्म. मग आपणहून पुन्हा सुरू. असं तीनदा केलं आणि तीनही वेळा वहीत वेळ टिपून ठेवली.

पेटी तापत नाही, हात लावून पाहिला. पंख्यात धूळ होती, ब्रशने काढली. डिस्कचा आवाज नेहमीसारखा आहे आणि जागाही निम्म्याहून जास्त मोकळी आहे. मग मी आमची जुनी रीत वापरली, वाटेचे दोन भाग करून दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते गाठायचं. भिंतीतली वायर सोडवली, हातभर लांबीची दुसरी घेतली आणि लॅपटॉप थेट पेटीला जोडला. फोटो असे पळाले की मला आकडा वाचता येईना. म्हणजे पेटीचा काही दोष नाही. तिच्यावर उगाच आळ घेतला.

राहिली भिंतीतली वायर, कपाटातून स्वयंपाकघराच्या दारावरून हॉलमधल्या राऊटरपर्यंत जाते ती. ती मागे एकदा तुटली होती, पण मी तेव्हाच जोडली, त्यामुळे तिथे काही असेल असं वाटत नाही. आणखी काय पाहू ते कळव.

हे लिहीत असताना आईने दोनदा 'नीट जेव' दाबलं. मी जेवलोय, म्हणजे ते तुझ्यासाठी असणार.

तुझा
बाबा


दि. १२ मार्च, बुधवार

ठिणगे,

आशीर्वाद. आईच्या फोनवर आलेला तुझा निरोप तिने मला वाचायला दिला. दोनच ओळी होत्या. 'राऊटरच्या मागे त्या वायरीचा दिवा हिरवा आहे की नारिंगी?' आणि त्याखाली, 'तुटली होती?'

दिवा नारिंगी आहे.

तुझा पुढचा निरोपही मिळाला. आत आठ तारा असतात, आठही भेटल्या तर हिरवा, चारच भेटल्या तर नारिंगी आणि वेग दहावा हिस्सा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर. मी स्टूल घेतलं, दाराच्या चौकटीवरची पट्टी उचकटली आणि माझाच जोड उघडला.

तुला हसायला परवानगी आहे. मी तो जोड आयुष्यभर घालत आलो तसाच घातला होता. चार-चार बोटं साल काढायची, तारा एकमेकींवर पिळायच्या, वर काळी टेप, काम फत्ते. असल्या जोडांवर मी तीनशे माणसांच्या कारखान्याची मोटार चालवली आहे, एकदाही तक्रार नाही. इथे मात्र आठपैकी दोन तारा नुसत्याच शेजारी बसल्या होत्या, भेटलेल्याच नव्हत्या. तिसरी टेपेच्या जोरावर टिकून होती. आणि दार जोरात लावलं की चौकट हलायची, चौकट हलली की ती तिसरीही सुटायची. तुझ्या आईला दार पायाने ढकलायची सवय आहे. तिचं वाक्य तिच्याच पायाने अडत होतं आणि मी महिनाभर पेटीकडे डोळे वटारून पाहत होतो.

पण खरी गंमत पुढे आहे. वायर उघडी पडल्यावर मी भिंग घेऊन बसलो. त्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात हे मला दिसलं होतं, पण मी समजत होतो ते नुसतं नीटनेटकेपणासाठी. आता मी एका वितीत पीळ मोजले. चार जोड्या, आणि चारही जोड्यांचे पीळ वेगवेगळे. निळीचे जास्त, तपकिरीचे कमी. पुन्हा मोजले, आईला मोजायला लावले, तिचाही आकडा तोच. कोणीतरी विचार करून ते वेगळे ठेवले आहेत. मला वाटतं, एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून. बरोबर असेल तर कळव. आणि मी काय केलं, तर आठही जणींचा पीळ उलगडून त्यांना मोकळं सोडलं. सगळ्या एकदम बोलत असणार. सदुसष्टाव्या वर्षी हे कळलं म्हणून मी दिवसभर खूश होतो, आणि आईने मला तीन वेळा 'पुरे झालं आता' ऐकवलं.

आता जोड नकोच म्हटलं. अखंड नवी वायर आणली, कपाटापासून राऊटरपर्यंत एका दमात ओढली. टोकांना ती पारदर्शक टोपणं लावायची होती. पहिली दोन फुकट गेली, तिसरं बसलं. रंगांचा क्रम पुठ्ठ्यावर लिहून समोर टांगला होता. दिवा हिरवा झाला. फोटो पळाले. आईने सलग बारा वाक्यं वाजवली, एकही अडलं नाही. त्यातलं एक 'शाब्बास' होतं.

माझा आनंद एक दिवस टिकला. काल दुपारी वीज गेली, परत आली, पेटी सुरू झाली आणि पूर्ण गोठली. टॅब कोरा. आईने चौकोन दाबले, काहीच नाही. पाऊण तास ती पाटी घेऊन बसली होती. मी पेटी बंद करून चालू केली, थोडा वेळ चालली, पुन्हा गोठली. वेग उत्तम आणि तरी पेटी गप्प, म्हणजे बिघाड एक नव्हता, दोन होते. वीज गेल्यावर ती आधीही अशी बसायची, पण मी ते त्याच अडकण्यात धरत होतो; वायरीमागे हा दुसरा लपला होता. आता कुठे पाहू?

तुझ्या दुसऱ्या ओळीचं उत्तर राहिलंच. पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा
बाबा


दि. २० मार्च, गुरुवार

ठिणगे,

तू लिहिलंस, 'पेटी गोठली की लॉगची, म्हणजे पेटी स्वतः लिहिते त्या नोंदींची, शेवटची ओळ वाचा.' कसं उघडायचं तेही टप्प्याटप्प्याने लिहिलंस, मला सहज जमलं. पेटी सुरू झाल्यावर आपल्याकडच्या सगळ्या फाइली एकेक करून तपासते हे मला माहीत नव्हतं. मी तिला तीन वेळा गोठू दिलं. तिन्ही वेळा शेवटची ओळ तीच, फाइल तीच. व्हिडिओ आहे, अर्धवट लिहिलेला, शेवट नसलेला. पेटी त्याचा शेवट शोधत बसते आणि तिथेच अडकते.

फाइलच्या नावात तारीख होती. ती वाचल्यावर मी कपाटाचं दार लावलं आणि दोन दिवस पेटीकडे फिरकलो नाही.

वायर तुटली नव्हती. मी तोडली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, चौकटीपाशी, हातातल्या पकडीने. तुला हे माहीत आहे, तू समोर उभी होतीस. पण मी ते आजवर तोंडाने कबूल केलं नाही, आईपुढेही नाही. तिथून पुढे दीड वर्ष मी 'वायर तुटली होती' असंच म्हणत आलो.

ती फाइल मी लॅपटॉपवर घेतली आणि पाहिली. आई ओट्यापाशी स्टुलावर बसली आहे, तू दिसत नाहीस, तुझा आवाज येतो. 'आई, घाई नको, एक श्वास घे.' ती एकेक वाक्य म्हणते. 'मला भूक नाही.' 'खिडकी लावा.' 'तुमचा चष्मा डोक्यावर आहे.' ते म्हणताना तुम्ही दोघी हसता. मग दार उघडतं आणि मी येतो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. 'आई मुकी होणारच असं धरून बसलीस तू. तुला आई नको आहे, तिची टेप हवी आहे.' तू म्हणतेस, 'बाबा, उद्या सकाळी तिचा आवाज जाणार आहे.' मग मी चौकटीकडे जातो. पुढे फाइल संपते, कारण पेटीकडे जाणारी वायरच उरली नाही.

म्हणजे दोन्ही बिघाड एकाच जागी झाले. वायर कापली तिथून पेटी हळू झाली, आणि त्याच क्षणी जी फाइल अर्धी राहिली तिच्यावर ती आजवर गोठत होती. मी इतके दिवस भिंग घेऊन शोधत होतो तो दोष माझा हात होता.

त्या दुपारी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो, कोणालाही सांगितलेलं नाही. मला वाटत होतं की वाक्यं भरून पुरी झाली नाहीत तर ऑपरेशन टळेल. डॉक्टरीणबाई सकाळी म्हणतील, काही गरज नाही. एवढ्या वयाच्या माणसाला असं वाटावं याची लाज वाटते, पण वाटत होतं खरं. मी घाबरलो होतो आणि घाबरून तुझ्यावर धावलो. आई शुद्धीवर येईपर्यंत तू इस्पितळात थांबलीस आणि तिथूनच परस्पर गेलीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. आज या घरात मला माझ्या बायकोचा आवाज ऐकू येतो तो तू माझ्या शिव्या खाऊन भरून ठेवलास म्हणून.

फाइल मी पुसलेली नाही. पेटीच्या वाटेतून काढून वेगळ्या जागी ठेवली. त्यानंतर वीज दोनदा गेली, पेटी दोन्ही वेळा निमूटपणे सुरू झाली.

एक गोष्ट राहिली. लॅपटॉपच्या पिशवीत तुझ्या अक्षरातले दोन कागद सापडले, आईने म्हणायच्या वाक्यांची यादी. एकूण दोनशे चाळीस. दोनशे अकरापर्यंत बरोबरच्या खुणा आहेत, पुढे नाहीत. उरलेली एकोणतीस मी वाचली. 'पंखा कमी करा' वगैरे बरीच अशी आहेत की पाटीवर भागतं. पण दोनशे बारावं वाचलं आणि थांबलो. ते माझ्यासाठी नव्हतं, तुझ्यासाठी होतं. आईने तुझ्याशी फोनवर बोलताना वाजवायचं म्हणून तू ते यादीत घातलं होतंस.

फाइल पुन्हा लावली. माझ्या ओरडण्याच्या आधी आईने ते म्हणायला सुरुवात केली होती. पहिले दोन शब्द आले आहेत.

तेव्हा कळलं की दीड वर्ष फोनवर ती तुला 'नीट जेव' आणि 'थंडी आहे का' एवढंच का वाजवून दाखवते. तिच्याकडे ते वाक्यच नव्हतं. मी आईला विचारलं, 'मग पाटीवर लिहून फोनसमोर का नाही धरलंस? या पत्रात तरी आता तुझ्या हाताने लिही.' मी पेन पुढे केलं. तिने पेन घेतलं नाही. पाटी घेतली आणि लिहिलं, 'ते वाक्य तुम्ही तोडलंत. तुम्हीच विचारा.'

मी अर्धा तास बसून होतो. एका ओळीला एवढा वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. आई शेजारीच बसली आहे, लिहितो की नाही ते पाहते आहे.

ठिणगे, घरी कधी येतेस?

तुझा
बाबा