अनवाणी पायांचा विचार कुणाचा

८ फेब्रुवारी, शनिवार, जानकीपुरम

आत्ताच घरी आले. आम्हा दोघींचा अमेरिकन कलेवरचा कार्यक्रम नंदिताने आज स्टेजवर एकटीच्या नावावर केला. ती कथक शिकवते. मी बँकेत असले तरी शिकले अमेरिकन कविता. दोन वर्षं दर रविवारी ती माझ्याकडे येऊन बसायची. अमेरिकेतल्या नर्तकींनी बॅलेचे बूट काढले, चित्रकारांनी कॅनव्हास जमिनीवर अंथरला, कवी रोजच्या बोलण्यात लिहू लागले, या सगळ्यामागची ओढ एकच, जमिनीवर येण्याची, ही मांडणी माझी. सुरुवात अनवाणी पायांपासून करू, हेही माझंच. तेव्हा ती हसली होती, "हम तो हमेशा नंगे पाँव ही नाचते हैं!"

आज तीच अनवाणी पायांवर बोलली. वर म्हणाली, "ये ख़याल मुझे न्यूयॉर्क में आया." शेजारून नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. लाज मलाच का वाटली?

बाहेर तिला गाठलं. "नंदिता, मेरा नाम?"

"अरे यार, तू तो बैंक में है. तुझे स्टेज से क्या लेना?"

मी वळून घरी निघाले.

आत्ता तिचा मेसेज आलाय. "कल आऊँ? अगला प्रोग्राम सोचते हैं."

तिला मराठी येत नाही, तरी पहिल्यांदाच मराठीत लिहिलं, "येऊ नकोस."

अर्थ विचारायला ती फोन करतेय. वाजू दे.